ऐंशी टक्क्यांची घंटा

बॅटरी जपावी तर मीच! आमच्या घरातल्या लॅपटॉपची बॅटरी मी तळहाताच्या फोडासारखी जपली. उन्हापासून जपली, धुळीपासून जपली, घरच्या माणसांपासून तर फारच जपली. लोकांच्या बॅटऱ्या दोन वर्षांत मान टाकतात. आमची चार वर्षांनीही ताठ उभी होती. हे ऐकून कुणी शाबासकी देणार असेल तर जरा थांबा, गोष्ट पुढे आहे.

मी पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. बावीस वर्षं झाली. माझ्या सहीशिवाय साधा वॉशरसुद्धा स्टोअरबाहेर जात नाही. एकदा खुद्द मोठ्या साहेबांच्या केबिनमधला बल्ब गेला. मी निरोप पाठवला, ‘जुना बल्ब जमा करा, मग नवा मिळेल.’ जुना साफसफाईवाल्यानं टाकून दिला होता. साहेब दोन दिवस खिडकीशी बसून सह्या करत होते! पण नियम मोडला नाही.

लॅपटॉप खरं तर बायकोचा. लग्नानंतरही ती ग्रंथालयात काम करायची. मग माझी आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिचं करायला बायकोनं नोकरी सोडली. ‘सहा महिन्यांत परत जाईन,’ म्हणता म्हणता सात वर्षं गेली. आई कधीच चालायला लागली होती, पण बायकोच्या परत जाण्याचा विषय मात्र घरात कुणी काढेना. शेवटी तिच्या भावानं हा लॅपटॉप आणून दिला. म्हणाला, ‘ताई, राहिलेला कोर्स घरी बसून पुरा कर.’ त्यानं तो ताईला दिला होता. ही गोष्ट मी पुढे साफ विसरलो.

त्याच सुमारास कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला होता. त्याला सहज विचारलं, ‘बॅटरी टिकावी म्हणून काय करायचं हो?’ तो बिचारा स्क्रू आवळता आवळता म्हणाला, ‘फार काही नाही. सारखी पूर्ण उतरू देऊ नका, सारखी शंभरवर ठेवू नका, तापू देऊ नका.’ एवढंच! त्याच्या तीन वाक्यांचे मी घरी येईपर्यंत एकवीस नियम केले.

नियम एक: वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायचं नाही. नियम दोन: ऐंशीच्या वर चढू द्यायचं नाही. ऐंशी झाले की लॅपटॉपमधून घंटा वाजेल अशी व्यवस्था केली. वीसला आला की तो आपोआप बंद पडेल अशीही सोय करून ठेवली. ही दुसरी सोय मी कुणाला सांगितली नाही, आणि वीसपर्यंत मी कधी उतरूच दिलं नाही म्हणून ती कुणाला कळलीही नाही. सुरक्षेच्या गोष्टी चारचौघांत सांगायच्या नसतात, असं आपलं माझं मत! चार्जर हॉलमधल्या लोखंडी कपाटात. दार लोटलं की कपाटाला आपोआप कुलूप लागतं आणि किल्ली माझ्या खिशात. चार्जर हवा असेल तर वहीत वेळ, टक्के आणि सही.

‘अहो, हे घर आहे, स्टोअर नाही,’ बायको म्हणाली.

‘म्हणूनच इथं शिस्त नाही!’

‘माझ्याच लॅपटॉपसाठी मीच सही करू?’

‘अगं, मी स्वतःसुद्धा करतो!’

ती करायची सही. काय करणार? स्क्रीनचा उजेड मी इतका कमी करून ठेवला होता, की ती नाक लावून वाचायची. लॅपटॉप तापला की मी तिचा अभ्यास थांबवून त्याला पंख्याखाली ठेवायचो. ती पदरचे पैसे गेल्यासारखी भिंतीकडे बघत बसायची. एकदा तर तिच्या मोबाइलमधला मेलसुद्धा मी काढून टाकला, कारण तो मोबाइलची बॅटरी खात होता. एवढं सोसून बाईनं कोर्स पुरा केला, तोही पहिल्या वर्गात. मी कारखान्यात पेढे वाटल्यासारखा सांगत सुटलो, ‘बघा, बॅटरी अजून ठणठणीत!’

आईला मात्र माझे नियम मान्य नव्हते. ती म्हणायची, ‘अरे, पोटभर जेवू दे की त्याला!’ आणि घंटा वाजली तरी चार्जर तसाच ठेवायची. एका रविवारी मी येऊन बघतो तर त्र्याण्णव टक्के! माझं डोकंच फिरलं. मी आईवर ओरडलो. चांगला ओरडलो. ‘घंटा वाजली की चार्जर काढायचा, गुंडाळायचा, कपाटात ठेवायचा, दार लावायचं! इतकं साधं काम जमत नाही का तुला?’

आईनं नुसता चष्मा पुसला.

आणि त्याच आठवड्यात बायकोला एका कॉलेजच्या ग्रंथालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. निवड समितीतली माणसं वेगवेगळ्या गावांत, म्हणून मुलाखत लॅपटॉपवरच होती. गुरुवारी सकाळी अकरा वाजता. बायकोनं ते पत्र चारदा वाचलं. स्वयंपाकघरात भांडी लावताना ती स्वतःशीच उत्तरं देत होती. अकरा वर्षांत मी तिला अशी बघितली नव्हती.

‘त्या दिवशी चार्जर लावूनच बसणार हं मी,’ ती म्हणाली.

मी मोठ्या मनानं म्हणालो, ‘त्या दिवशी शंभर टक्के माफ! सही नको, वही नको. कपाटसुद्धा उघडं ठेवून जातो, बघ!’

गुरुवारी सकाळी आठला मी स्वतःच्या हातानं चार्जर लावला, कपाट सताड उघडं ठेवलं आणि किल्ली सवयीनं खिशात टाकून ड्यूटीवर गेलो. आईला ही सवलत सांगायची राहून गेली.

पुढचं मला नंतर कळलं. दहाच्या सुमारास घंटा वाजली. बायको आत कपडे बदलत होती. आई गुडघे धरत उठली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माझा नियम पाळला! चार्जर काढला, नीट गुंडाळला, कपाटात ठेवला आणि दार लावलं. खट्!

बायको बाहेर आली तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. मग आकडा बघितला. ऐंशी टक्के. म्हणाली, ‘जाऊ दे, अर्ध्या तासाची तर मुलाखत. आरामात पुरेल.’ आणि पुरलंही असतं! पण समितीचं काम उशिरा सुरू झालं. सगळ्या उमेदवारांना सांगितलं, ‘कॅमेरा चालू ठेवून बसा, केव्हाही बोलावू.’ ती ताठ बसून राहिली. बारा वाजले. एक वाजला. आकडा उतरत उतरत सव्वीसवर आला, तेव्हा तिचा नंबर लागला.

आई दाराआडून ऐकत होती. ती सांगते, बायको इतकं छान बोलत होती की समितीतल्या बाई मधेच ‘वा!’ म्हणाल्या. पुस्तकं कशी लावायची, मुलांना वाचायची गोडी कशी लावायची, सगळं सगळं. मग अध्यक्षांनी शेवटचा प्रश्न विचारला, ‘तुम्ही अकरा वर्षं घरी होतात. आता परत यायला जमेल, असं कशावरून?’

बायको हसली. म्हणाली, ‘त्याचं कारण सांगते...’

आणि लॅपटॉप बंद!

वीस टक्के झाले होते. पोटात वीस टक्के शिल्लक ठेवून तो माझ्या हुकुमानं शांत झोपला. तिनं परत सुरू केला, तो परत मिटला. परत सुरू, परत बंद. शेजारच्यांचा चार्जर मागून आणला, त्याची पिन बसेना. मोबाइलवरून जोडायचं म्हटलं तर लिंक मेलमध्ये आणि मोबाइलवर मेल नाही!

मला फोन आला. ‘लॅपटॉप आपोआप बंद होतोय. काय केलंत तुम्ही?’ तिचा आवाज कापत होता.

‘अगं, सेटिंगमध्ये जा, तिथं...’

‘तो उघडतच नाहीये! किल्ली घेऊन या. लवकर!’

मी पळत गेटवर गेलो. वॉचमन आडवा आला.

‘स्लिप?’

‘अरे, घरी अडचण आहे!’

‘असेल साहेब. पण स्लिप?’

मी खिशातून बाहेर जायच्या स्लिपांचं पुस्तक काढलं, स्लिप फाडली, सही ठोकली. वॉचमननं ती वाचली आणि नम्रपणे डोक्यावरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. ‘स्वतःच्या स्लिपवर स्वतःची सही चालणार नाही.’ अक्षर माझंच होतं!

सही घ्यायला मी मोठ्या साहेबांकडे धावलो. ते जेवत होते. स्लिप बघून त्यांनी सावकाश हात पुसले, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘आधी जुनी स्लिप जमा करा, मग नवी मिळेल.’

इतके दिवस तो बल्ब त्यांच्या मनात जळत होता! पण मग त्यांनी माझं तोंड बघितलं आणि गुपचूप सही केली. म्हणाले, ‘जा, जा.’

घरी पोचलो तेव्हा सव्वादोन झाले होते. आई कपाटासमोर उलथनं घेऊन उभी होती. दाराचा एक कोपरा तिनं वाकवला होता. मला बघून रडायलाच लागली. ‘रविवारी तूच ना रे ओरडलास? मी म्हटलं, आज तरी चूक नको व्हायला...’

कपाट उघडलं. चार्जर लावला. लॅपटॉप उघडला. स्क्रीनवर एकच ओळ होती. आजची बैठक संपली आहे.

मी तयारीत होतो, की आता बायको ओरडेल. आदळआपट करेल. माझी एकवीस नियमांची वही फाडेल. तिनं काहीच केलं नाही. लॅपटॉप मिटला आणि आईला पाणी आणून दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिनं कॉलेजला लिहून कळवलं, मीही फोन केला. आठ दिवसांनी उत्तर आलं. ‘उमेदवार मुलाखत अर्धवट सोडून गेल्या.’ जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी धीर करून विचारलं, ‘त्या शेवटच्या प्रश्नाला तू काय सांगणार होतीस?’

ती कपड्यांच्या घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘हेच, की आता घरचे सगळे पाठीशी आहेत.’

मी एक टॉवेल उचलला आणि घडी करायला लागलो. तीही चुकली.

त्यानंतर चार्जर कायम भिंतीला, उजेड पूर्ण, आणि लॅपटॉप चोवीस तास शंभरवर. मी अवाक्षर काढलं नाही. तरी या महिन्यात तो बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितला आणि म्हणाला, ‘आतला मुख्य बोर्डच गेलाय. फेकून द्या. पण बॅटरी मात्र काय ठेवलीय हो! कोरी करकरीत! लॅपटॉप कुणी वापरत नव्हतं का?’

मी बॅटरी कागदात गुंडाळून स्टोअरमध्ये आणली. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. हे लिहिताना उघड्या ड्रॉवरमधून समोरच दिसतेय.

हे लिहितोय, कारण आज दुसऱ्या कामात लक्ष नाही. आज बायकोची परत मुलाखत आहे. दुसरं ग्रंथालय, लहान आहे, पगार कमी. तिच्या भावाचा लॅपटॉप आणलाय. सकाळी मी निघताना ती म्हणाली, ‘तुम्ही फक्त एक करा. कशालाही हात लावू नका.’ आई तर आज दोन्ही हात मांडीखाली दाबून बसणार आहे, तिनं मला तसं वचनच दिलंय.

झालं की ती मला फोन करणार आहे. फोन चुकू नये म्हणून मी मोबाइल चार्जरला लावून पलीकडच्या टेबलावर ठेवलाय. बारा वाजले. सव्वाबारा झाले. काउंटरवर दोन जण वॉशर मागायला आले. मी म्हटलं, ‘घेऊन जा, सही नको.’ ते घाबरून वॉशर न घेताच गेले.

आणि आत्ता, या ओळीपाशी, मोबाइल वाजला! मी खुर्ची पाडून धावलो. उचलला, कानाला लावला, ‘काय झालं गं?’

कुणीच बोलेना. मग स्क्रीन बघितला. ऐंशी टक्के झाल्याची घंटा होती. मीच केव्हातरी लावून ठेवलेली.

घंटा बंद केली. चार्जर तसाच राहू दिला.