शांतवनकाकांचा हिरवा पाइप

लोक खांद्यावर उपरणं टाकतात, टॉवेल टाकतात. आमचे शांतवनकाका साळवे खांद्यावर पाइप टाकतात. हिरवा, प्लास्टिकचा, तीस फुटी. चर्चला जातानासुद्धा तो सायकलच्या हँडलला वेटोळं घालून असतो. सोलापुरातल्या आमच्या गल्लीच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं आणि वेळेचा नेम नाही, हे खरं. पण काकांच्या पाइपाचं मूळ कारण पाणी नव्हे, देव आहे.

"देव दिसत न्हाय," पहिल्याच भेटीत काका मला म्हणाले. "टाकीतलं पाणी तरी हितनं कुटं दिसतं? ते घरापर्यंत यायला पाइप लागतो. मी पाइप हाय. बाकी सगळं वरनं." आणि बोट वर केलं. वर माझा बंद पडलेला पंखा होता. दुसऱ्या दिवशी काकांनी तो दुरुस्त केला. मी आभार मानायला गेले तर पुन्हा तेच, गल्लीत सगळ्यांना सांगतात ते. "मी पाइप!"

रेल्वेतून निवृत्त झालेला, बायको देवाघरी, मुलगी पुण्यात, असा हा माणूस. त्याची इच्छा एकच. कुणीतरी आपणहून विचारावं, "काका, तुमचा देव कसा आहे?" उत्तर तयार होतं. मोठ्या अक्षरात लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, शर्टाच्या खिशात. बारा वर्षं ती चिठ्ठी खिशात होती आणि बारा वर्षं कुणी विचारत नव्हतं. मीही नाही. मी शाळेत शिकवते, माझा देवाशी संबंध निकालाच्या दिवसापुरता. शिवाय ती चिठ्ठी चार पानी आहे हे मला ठाऊक होतं.

लोकांनी विचारावं म्हणून काका दिसेल त्याला मदत करत सुटायचे. एकदा चढावर उभी असलेली रिक्षा बंद पडलीय असं समजून त्यांनी ती एकट्याने वरच्या चौकापर्यंत ढकलत नेली. रिक्षावाला टपरीत चहा पीत होता. बाहेर येऊन बघतो तर रिक्षा गायब. पुढे जे संभाषण झालं त्यात देवाचा विषय निघालाच नाही, काकांच्या आईवडिलांचा मात्र बराच निघाला.

मग एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी उपदेश केला की चांगलं काम गुपचूप करावं, उजव्या हाताचं डाव्याला कळू नये. काकांनी ते फारच मनावर घेतलं. त्यांच्या समोर नीलव्वा राहतात. ऐंशीच्या घरात, घरात एकट्या, दुपारी ओट्यावर खाट टाकून झोपणाऱ्या. पाण्याच्या दिवशी त्या झोपल्या की काका चोरपावलांनी जाऊन त्यांचं बॅरल भरून यायचे. पावलं चोरांची, पण तोंडाने भजन चालू.

उठल्यावर नीलव्वा भरलेलं बॅरल बघायच्या आणि हात जोडायच्या. "सिद्धरामा, पावलास रे यप्पा!" वर प्रसाद म्हणून काकांच्याच हातावर साखर ठेवायच्या.

"खाल्लीत का साखर?" मी विचारलं.

"खाल्ली की. हातावर ठिवल्यावर काय करनार?" काका भयंकर चिडले होते. "काम माज्या देवाचं आन् नाव दुसऱ्याचं. मॅडम, हे कसं चालंल?"

मी म्हटलं, बॅरलवर लिहून टाका. ही थट्टा होती. काकांनी खरोखर खडूने 'येशूची कृपा' असं ठळक लिहिलं. मग पाइप सोडला, भजनाच्या तिसऱ्या कडव्यात रंगले, बॅरल ओसंडलं आणि अक्षरं धुऊन गेली. त्या दिवशी नीलव्वांनी दुप्पट साखर दिली.

मागच्या महिन्यात काका स्वतःच्याच पाइपात पाय अडकून पडले. पाय प्लास्टरमध्ये गेला. पाण्याच्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. कोपऱ्यातलं बॅरल कोरडं ठणठणीत.

"सत्तरी आली मॅडम," ते म्हणाले. "एका मानसाला देव दाखवता आला न्हाय. उद्या त्यानं विचारलं, काय केलंस रे खाली? तर काय सांगू? साखर खाल्ली?"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. काकांनी दुरुस्त केलेला पंखा बारा वर्षं माझ्या डोक्यावर फिरत होता, आणि मला त्यांना एक प्रश्न विचारता आला नव्हता.

तेवढ्यात दारातून हिरवा पाइप आत आला. त्याच्यामागून नीलव्वा, कमरेत वाकलेल्या, पदर खोचलेल्या. त्यांनी पाइपाचं टोक बॅरलमध्ये सोडलं आणि काकांच्या खाटेवर टेकल्या.

"अव्वा, तुमी कशाला?"

"मी पाइप," नीलव्वा म्हणाल्या.

काका धडपडत उठून बसले. "म्हंजे तुमाला ठावं होतं?"

"भजन म्हनत चोरी कोन करतंय रे? डोळं मिटून दर येळी ऐकत होते की. सिद्धरामाचं नाव मी घेनारच, त्यो माजा हाय. पन तुजा बी असंल की कोनतरी. सांग, कसा हाय त्यो? तुज्यासारकाच, न सांगता पानी भरनारा?"

बारा वर्षांनी प्रश्न आला होता. काकांचा हात खिशाकडे गेला. चिठ्ठी निघाली, पिशवीतून सुटली, चारही पानं उलगडली. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नीलव्वांकडे पाहिलं. डोळे इतके भरले होते की त्यांना एक अक्षर वाचता येईना. शेवटी त्यांनी म्हातारीचा ओला हात धरला आणि एवढंच म्हणाले, "असाच हाय, अव्वा. असाच हाय."

बॅरल भरून पाणी ओसंडायला लागलं. पाचव्या दिवसाचं पाणी, आमच्या गल्लीत त्याचा थेंबही कुणी सांडू देत नाही. ते खाटेखालून दारापर्यंत वाहत गेलं, आणि आम्हा तिघांपैकी कुणीच उठलं नाही.