एका सीटची गाडी

"येऊ द्या… येऊ द्या… अजून येऊ द्या… बास!"

संध्याकाळी साडेचारला आमच्या गल्लीत हा आवाज यायचा. पाठोपाठ सुमनकाकू फाटकाच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या आणि त्यांच्या यजमानांची, तुळशीराम काकाजींची गाडी अंगणातून उलटी रस्त्यावर यायची. नवा माणूस दचकून बाजूला व्हायचा. त्याला वाटायचं, आता ट्रक येतो. यायची ती विजेवर चालणारी, चार छोट्या चाकांची, एका खुर्चीची स्कूटर. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी मिळते ना, ती. पुढे हँडल, हँडलला जाळीची टोपली, पाय ठेवायला सपाट पाट आणि वर गोल फिरणारी खुर्ची.

मागे येताना ही गाडी आपली आपणच टी-टी-टी करून ओरडते. पण काकाजींचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"ते तं ओरडूनच राह्यते बाई. त्याले डोये हायेत काय?"

म्हणून काकूंना रोज चुलीवरचा चहा उतरवून फाटकात उभं राहावं लागे. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातूनच "येऊ द्या" म्हटलं. काकाजींनी चावी बंद केली आणि काकू बाहेर येईपर्यंत जागचे हलले नाहीत.

काकाजी एसटीत ड्रायव्हर होते. बरीचशी नोकरी अमरावती-धारणी लाइनवर गेली. मेळघाटातली वळणं, पावसाळ्यात रस्त्यावर आलेली दरड, समोर उभा राहिलेला रानगवा, हे सगळं त्यांनी बिनअपघात पार पाडलं. निवृत्त झाल्यावर मात्र साखरेनं गाठलं. अंगठ्याला साधं चिघळलं म्हणता म्हणता उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावर बसून म्हणाले, "डॉक्टरनं ब्रेकचाच पाय नेला पाह्य. क्लचचा ठेवला. आता नुसत्या क्लचचं काय लोणचं घालू?"

अकोल्याच्या त्यांच्या मुलीनं ही स्कूटर आणून दिली. तेव्हा मी अमरावतीत नोकरीला होते आणि त्यांच्या समोरच्या घरात राहत होते. आता माझी बदली अकोल्याला झाली आहे. इथे शेजार चांगला आहे, पण साडेचारला कान उगाच टवकारतात.

गाडी साडेचारला निघायची असली तरी तपासणी चारला सुरू व्हायची. काकाजी कुबडी टेकत टेकत एकेक चाक अंगठ्यानं दाबून बघत. मग खुर्ची हलवून पाहत, तिची कडी नीट बसली आहे का. मग हॉर्न. मग बॅटरीचे दिवे. शेवटी खुर्चीखालचा एक दांडा. तो ओढला की ब्रेक सुटतो आणि गाडी हातानं ढकलता येते. "हा दांडा उतारावर ओढला तं गाडी तुह्या बापाची बी ऐकनार नाई," हे त्यांनी मला किमान चाळीस वेळा सांगितलं असेल. मी ती गाडी कधी चालवणार नव्हते, तरी.

हँडलवर वेगाचं एक बटण होतं. एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. काकाजींनी ते बटण कासवावर ठेवून वर चिकटपट्टी लावली होती. भाजी घेऊन चालत येणाऱ्या बायका त्यांना मागे टाकून जात. कुणी हसलं तर ते शांतपणे विचारत, "घाई कोनाले हाये?"

पिशवी हँडलला लटकवायची नाही, तोल जातो, म्हणून टोपलीत ठेवायची. फरशीच्या काठावर तिरपं चढायचं नाही, सरळ चढायचं. उतरायच्या आधी चावी बंद. परत आल्या आल्या गाडी व्हरांड्यात, मोकळ्या हवेत चार्जिंगला. काकूंनी एकदा गडबडीत चार्जिंगच्या गाडीवर ओला टॉवेल वाळत घातला. काकाजी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "टावेल वाळला काय?"

मला त्यांचं आणखी एका कारणानं अप्रूप होतं. माझे वडील धारणीला शिक्षक होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भावंडं एसटीनं वलगावला आजोळी यायचो. पहाटेचं धुकं, सागाची मोठमोठी पानं, खिडकीच्या गजांचा थंडगार लोखंडी वास आणि सेमाडोहला उतरून घेतलेला चहा. आईच्या कपातला एक घोट मला मिळायचा. ड्रायव्हरचा चेहरा मला आठवत नाही. खाकी कॉलर आणि मान तेवढी आठवते. मी काकाजींना एकदा विचारलं, "ते तुम्हीच असाल का हो?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "तू घाटात ओकली होती काय?"

"नाही."

"मंग नाई सांगता येत. ओकनारे पोट्टे मले सारे याद हायेत."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मागच्या गल्लीतल्या गुरुजींनी तशीच स्कूटर घेतली.

गुरुजी अंजनगाव सुर्जीकडचे. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं, त्यामुळे बोलणं पुस्तकी आणि दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करायची सवय. गुडघे कामातून गेले होते. पत्नी वारलेली, घरी मुलगा-सून दिवसभर कामावर. गाडी आली त्याच दिवशी काकाजी तपासणीला हजर झाले.

"गुरुजी, मले वाटते…"

"'मले' नव्हे. 'मला'."

"मला वाटते, तुमी हे बटन सशावर ठेवून राह्यले, ते बराबर नाई."

"तुळशीराम, यंत्रात ससा दिलेला आहे तो वापरण्यासाठीच."

झालं. गुरुजी सशावर, काकाजी कासवावर. गुरुजी हॉर्न देत बाजूनं निघून जायचे आणि काकाजी मान हलवत म्हणायचे, "व्याकरण येते, पन वळण येत नाई."

आमच्या कॉलनीतून मोठ्या रस्त्याला लागताना नाल्यावर छोटा पूल आहे. पुलावरून उतरलं की डाव्या हाताला वलगावहून येणारी एक बाई झेंडू आणि शेवंती घेऊन बसते. एका संध्याकाळी गुरुजी भाजीची भरलेली पिशवी हँडलला अडकवून उतार उतरत होते. फुलं दिसली म्हणून त्यांनी उतारावरच हँडल वळवलं. गाडी कलंडली. घाबरून त्यांनी मूठ अधिकच आवळली आणि या गाडीला तेवढंच कळतं. दाबलं की ती चालते. गुरुजी खाली, गाडी आडवी आणि चाकं गरगर फिरतायत.

मी तिथेच फुलं घेत होते. चार माणसं गाडी उचलायला धावली. तेवढ्यात पुलाच्या वरून आवाज आला.

"हात नका लावू! आंदी चावी! चावी बंद करा!"

काकाजी कासवाच्या वेगानं उतार उतरत होते. तशा प्रसंगीसुद्धा त्यांनी बटणाची चिकटपट्टी काढली नाही. मी चावी फिरवली. चाकं थांबली. मग गाडी उचलली.

गुरुजी मनगट धरून कळवळत होते. "मले उचला रे बाप्पा! मले उचला!"

काकाजींनी ऐकलं. एरवी त्यांनी ही संधी सोडली नसती. आता मात्र स्वतःचा गमछा सोडून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "हाताखाली घाल त्याह्यच्या. हलवू नोको."

मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण गुरुजी काही घराबाहेर पडेनात. गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात पडली. गुरुजी मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसायचे. मुलगा म्हणाला, "आता ही विकून टाकू." गुरुजी म्हणाले, "टाक."

हे कळल्यावर काकाजी त्यांच्या घरी गेले. मुलाला म्हणाले, "विक ना. पन गिऱ्हाईक येईपर्यंत ब्याटरी मरू देऊ नोको. मी येऊन चार्जिंग करत जाईन."

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी काकाजी तिथे जाऊ लागले. गाडी पुसायची, चाकं दाबायची, चार्जिंगला लावायची आणि चार्जिंग होईपर्यंत गुरुजींच्या खोलीत बसायचं. चार्जिंगला कितीतरी तास लागतात. इतका वेळ दोघं काय बोलत असतील, याचं मला कोडं होतं. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "काई नाई वं. हे घाटातल्या गोष्टी सांगतेत, ते चुका काढतेत."

मधे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. काकाजींनी दोघांनाही खुर्चीखालच्या दांड्याबद्दल इतकं भयंकर काही सांगितलं की ती परत आली नाहीत.

एका शुक्रवारी मी गुरुजींकडे डबा द्यायला गेले होते. दारातच थांबले, कारण आतून गुरुजींचा आवाज आला आणि तो नेहमीचा नव्हता.

"तुळशीराम, मला भीती वाटते हो. आता नाही जमणार."

काकाजी म्हणाले, "मले रोज वाटते."

"तुम्हाला?"

"पोरीनं गाडी आनली, तं मी वीस दिस नुसता तिच्यावर बसलो. आंगनात. चावीच लावली नाई. सुमन इचारे, काहून जाऊन नाई राह्यले? मी सांगे, तपासनी चालू हाये."

गुरुजी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले असतील. त्यांनी 'इचारे' दुरुस्त केलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी कॉलनीच्या मोकळ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. काकाजींनी दहा-दहा पावलांवर चपला मांडल्या. त्यात माझ्याही होत्या, मी अनवाणी उभी. गुरुजी गाडीवर, काकाजी प्लास्टिकच्या खुर्चीत. कासवावर चिकटपट्टी लावलेली. पहिल्या वळणाला गुरुजी घाबरले, मूठ आवळली आणि काकूंच्या चपलेवरून गेले.

"सोडा! दाबू नका, सोडा!"

"मला सवय नाही!"

"कोनाले हाये? मी बत्तीस वर्सं थांबवाले पाय दाबला. इथं उलटं हाये. घाबरले का सोडून द्यायचं. सोडलं का थांबते."

गुरुजींनी हात सोडला. गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. असं दहा-बारा वेळा केलं, लहान मुलानं दिव्याचं बटण खालीवर करावं तसं. मग स्वतःशीच म्हणाले, "चमत्कारिक आहे."

उताराची पाळी तीन आठवड्यांनी आली. पुलाच्या माथ्यावर गुरुजींनी गाडी थांबवली. काकाजी पुढे गेले. "माह्या चाकाकडं पाहा. फुलं पाहू नका. फुलं खाली गेल्यावर घेऊ."

दोन्ही गाड्या एकामागे एक उतरल्या, लग्नाच्या वरातीपेक्षाही हळू. मागे एक ऑटोवाला ताटकळला होता. त्यानं हॉर्न दिला. काकाजींनी हात वर करून त्याला थांबवलं, आणि तो थांबला. खाली पोहोचल्यावर गुरुजींनी चावी बंद केली, मग शेवंती घेतली. काकाजींनाही एक फूल दिलं. काकाजींना ते कुठे ठेवावं कळेना. शेवटी त्यांनी ते टोपलीत नीट ठेवलं.

मुलानं गाडी विकायचं नाव पुन्हा काढलं नाही.

परवा दोन दिवसांच्या रजेवर मी अमरावतीला गेले. संध्याकाळी दोघांच्या सोबत चालत निघाले. पुढे काकाजी, बाजूला मी, मागे गुरुजी. गुरुजींना आता हॉर्नचा नाद लागला आहे. कुत्रं दिसलं की हॉर्न, ओळखीचं माणूस दिसलं की हॉर्न, काहीच दिसलं नाही तरी हॉर्न. माझं डोकं उठलं.

"काकाजी, सांगा ना त्यांना. कशाला उगाच वाजवतात?"

"नोको," काकाजी म्हणाले. "वाजवू दे."

मागे पुन्हा हॉर्न वाजला. मग समोर बघतच ते बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बत्तीस वर्सं माह्या मांगं चाळीस-पन्नास मानसं राहात, बाई. कोनी खोकते, कोनी तिकिटावरून भांडते, एखांदं लेकरू रडते. मी वळून नाई पाह्यलं कधी. पन सारं ऐकू ये. या गाडीत पह्यल्यांदा बसलो आन् मांगं काहीच आवाज नाई. एकदम सुन्न. मले त्याचंच भेव वाटलं होतं. पायाचं नाई."

मी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून चालत राहिले. त्यांनी तो राहू दिला.

मागे गुरुजी थांबले होते. भाजीवालीला कोथिंबिरीचं लिंग समजावून सांगत होते आणि ती त्यांना सांगत होती की जुडी घ्यायची असली तर घ्या. काकाजींनी मूठ सोडली. गाडी थांबली. ते समोर बघत, मागचं सगळं ऐकत बसून राहिले.