आप्पांनी लाटलेली कुंची

कुंची पोरीच्या डोक्यात जाईना. ओढली तरी जाईना. सकाळी पार खांद्याखाली येत व्हती, आता नारळाला बसंल एवढी झालेली. पोरीनं दूध वकलं म्हनून मी कढत पाणी घेतलं, साबण लावला, दगडावर घसाघसा घासली. बाकीची कापडं असंच धुती की मी! आन् तेवढ्यात अंगणात आप्पा खाकरले.

आप्पा म्हंजी माझे चुलत सासरे. समद्या भावांनी मेंढरं इकून पिंपळवंडीत कांदा लावला, ह्यांनी न्हाई इकली. माळावर एकटे ऱ्हात्यात. माणसाला नावानं हाक मारत न्हाईत, मेंढरांना मातर एकेकीला नावानं. आन् लोकर म्हंजी, "ती जित्ती असती." एकदा लोकर पसरलेली आन् सासूबाई शिंकल्या, तर समदी गोळा केली, बाहेर नेऊन झटकली, परत पसरली. "भ्याली ती," म्हनले.

पोरगी झाली तसं आपणहून म्हनले, कुंची करतो. माळावर चूल हाये, पण म्हनले पाणी तुमच्याच घरी नीट तापतंय. बारा दिवस रोज आले. मधी खताच्या गोणीचा तुकडा, म्हंजी दोन थर चिकटत न्हाईत, वर-खाली पिंजलेली लोकर, तिच्यावर साबणाचं कढत पाणी. मंग गोणपाटात गुंडाळायची आन् टीव्हीम्होरं बसून पायाखाली लाटायची, लोकर एकात एक गुतून घट्ट होईस्तवर. सीरेलीत कुणी रडलं की पाय थांबायचा.

सासूबाई म्हनायच्या, "भावजी, पाय चालवा. येतोय तिचा नवरा परत."

"नाय येत वयनी. त्याचं लक्षण नाय."

लोकर लई लाटली, कढत पाण्यात घासली का आवळती, म्हनून पोरीसाठी बेतानं लाटून मऊ ठेवलेली. हे मला धा येळा सांगितलं व्हतं. धुताना एकदाबी आठवलं न्हाई.

आप्पा आत आले. मी पदर घेतला, कुंची पदराखाली. मेंढीला दगड मारला म्हनून हा माणूस सख्ख्या भावाशी दोन वर्सं बोलला न्हवता.

"दाव," म्हनले.

दावली. त्यांनी मुठीवर चढवली, फिरवली, हुंगली.

"कढत पाणी?"

"व्हय."

"घासली?"

"व्हय आप्पा. चुकलं माजं."

मंग खाली बसले. "दुसरी करावी लागंल. बारा दिवस तरी जात्याल," म्हनले, आन् आत हाक मारली, "वयनी, च्या टाका!" तवर त्यांनी आमच्या घरी कदी च्या मागितला न्हवता. दिला तर प्यायचे.

दुसरीला महिना लागला. पाय लईच हळू. सासूबाई म्हनल्या, "भावजी, पोरगी शाळंत जायची अशानं."

"जाऊद्या की. शाळंत थंडी नसती का?"

झाली एकदाची. त्यांनीच पोरीला घातली, बंद बांधला. मंग सोत्ताच्या चपला घातल्या. परत काढल्या. उंबऱ्यात हुबे ऱ्हायले. म्हनले, "येतो मंग." आन् हाललेच न्हाईत.

"माळावर लवकर अंधार पडतो," म्हनले. बाहेर तर लख्ख ऊन व्हतं.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "आप्पा, हिला अंगात लोकरीची बंडी न्हाई वो."

त्यांनी खाली बसून पोरीच्या पाठीवर वितीनं माप घेतलं.

चैत लागला व्हता. पोरीच्या कपाळावर घामाची धार. सासूबाई माझ्याकडं बघत्यात, मी पोरीकडं. तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं?