काळ्या रेघांचं कॅलेंडर

तपासणीचे साहेब येऊन ठेपले, तेव्हा मधुसूदनरावांना दरदरून घाम फुटला, आणि तो काही ऑटोक्लेव्हच्या वाफेनं नव्हे. पिंपरीतल्या त्या खाजगी इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करून घ्यायचं काम त्यांचं. गेल्या खेपेला वाईट शेरा पडला होता. या खेपेलाही पडला तर उद्यापासून घरी बसा, असं मोठ्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

साहेबांनी फळीवरचे, हत्यारं भरून वाफेला लावायचे अकरा पत्र्याचे ड्रम न्याहाळले आणि भुवई चढवली. ड्रमवर लावतात त्या चिकटपट्टीचं एक बरं असतं. नीट वाफ लागली की तिच्यावरच्या फिक्या रेघा काळ्याकुट्ट होतात. माणूस खोटं बोलेल, पट्टी नाही. आणि इथं अकराच्या अकरा पट्ट्या कोऱ्या!

"हे सगळं कच्चंच आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो सर! सकाळी माझ्या डोळ्यांदेखत..." मधुसूदनराव एकेक ड्रम फिरवून पट्टी बघू लागले.

तेवढ्यात अंबुबाई फडकं झटकत आत आल्या. मूळच्या चऱ्होलीच्या. शेतात सोसायटी उभी राहिली, पोरं मोठ्या गाडीतून फिरायला लागली, तरी "घरी बसून गुडघं धरत्यात" म्हणून त्यांनी इथलं मावशीचं काम काही सोडलं नव्हतं.

"अंबुबाई, या पट्ट्या..."

"बदलल्या की मी! समद्या काळ्या पडल्या हुत्या. पाव्हणं येणार, आन् आपलं असं डागाळलेलं दिसावं व्हय?"

मधुसूदनरावांनी कपाळाला हात लावला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

साहेबांनी चष्मा पुसला. "अकराही ड्रम पुन्हा मशीनला लावा. आणि रोजच्या पट्ट्या चिकटवलेलं रजिस्टर दाखवा."

ही आणखी पंचाईत. ते रजिस्टर मधुसूदनरावांनी एक जानेवारीला हळदकुंकू वाहून उघडलं होतं, आणि तेव्हापासून "उद्या चिकटवू" म्हणत तसंच ठेवलं होतं.

"रजिस्टर ना... ते बाइंडिंगला..."

"कशाला लपवता, मधुभाऊ? कोरं हाय त्ये." अंबुबाई साहेबांकडे वळल्या. "जुन्या पट्ट्याच पायजेत ना? हायेत की. टाकायचं जिवावर येतं माज्या."

त्यांनी दार लोटलं. दारामागच्या कॅलेंडरवर, घरी दुधाच्या खाड्याची खूण करतात तशा, प्रत्येक तारखेला काळ्या रेघांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. आजच्या चौकोनात तर अकरा, एकीवर एक.

साहेबांनी जानेवारीपासून पानं चाळली आणि एके ठिकाणी बोट ठेवलं. "ही पांढरी कशी?"

"त्या दिशी मशीन रुसलं हुतं. मीच म्हनलं, हात लावायचा न्हाई, परत घाला. तिच्याखाली दुसरी काळी हाय, बघा."

होती. साहेब पहिल्यांदाच हसले. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'नोंदी उत्तम. यापुढे रजिस्टरात घ्याव्यात.' मधुसूदनरावांचा जीव भांड्यात पडला.

"अंबुबाई, वाचवलंत हो मला!"

"आन् बुडवलं बी मीच की! जरा हलू नगा." अंबुबाईंनी नव्या पट्टीचा तुकडा त्यांच्या खिशावर चिकटवला. "सकाळधरनं लई तापलाय तुमी. बघू, काळी होती का."

पट्टी कोरीच राहिली. संध्याकाळी मधुसूदनरावांनी ती सोलून रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवली, आणि पुढे वळणदार अक्षरात नोंद केली, 'कच्चा आहे. पुन्हा लावावा.'