चिझुरूने हात आखडता घेतला

सकाळच्या घाईत कपाटातली दांडी मोडली आणि चिझुरूचे सगळे कपडे तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर आले. तात्सुहिको बिचारा खाली वाकून मोजे शोधत होता. ढिगाऱ्याखालून त्याचा आवाज आला, "मी जिवंत आहे. पण हे सगळं तुझं एकटीचं?"

चिझुरू थिजून उभी राहिली. त्या ढिगात सारख्याच रंगाचे चार राखाडी कोट होते आणि त्यातल्या दोन कोटांना अजून दुकानाची चिठ्ठी लटकत होती. आपण ते कधी घेतले, हेच तिला आठवेना. त्या संध्याकाळी तिने जाहीर केलं: वर्षभरात कपड्यांवर तीस हजार येन, त्यावर एक येन नाही. मोजके कपडे ठेवून बाकीचे ती जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन आली. शहरातल्या कोरिनबो भागातल्या मोठ्या दुकानांवरून जाताना ती रस्त्यावरच्या बसगाड्यांकडे बघत चालू लागली. एक रेनकोट सोडला तर तिने काहीही घेतलं नाही.

चिझुरू कानाझावातल्या एका सोया सॉसच्या कंपनीत हिशेब विभागात होती. शेजारच्या टेबलावर नोमोतोबाई बसत. मनाने मायाळू, पण ऐकलेलं पोटात राहायचं नाही.

"अगं, हे निळं कार्डिगन तुला फारच आवडतं वाटतं?" बाईंनी एके दिवशी विचारलं.

"तसं नाही. कपड्यांच्या बाबतीत सध्या जरा हात आखडता घेतलाय."

"हो का?" बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "आणि परवा तुझे यजमान तुला घ्यायला सायकलवर आले होते. गाडी कुठे गेली?"

"गाडी आहे की घरी. डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवायला सांगितलंय."

"डॉक्टरांनी!" नोमोतोबाईंनी तोंडावर हात ठेवला.

बातमी टेबलाटेबलावरून वाढत गेली आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख इगावासाहेबांनी चिझुरूला मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सोनोबेबाई, मी तुम्हाला काहीही विचारणार नाही."

"विचारा ना, साहेब."

"नको. माणसाचा मान राहिला पाहिजे. एवढंच सांगतो, नोकरी गेली म्हणजे जग बुडत नाही."

"माझी नोकरी गेली?"

"तुमची नव्हे हो! यजमानांची."

"त्यांची नोकरी गेली?"

साहेबांच्या चेहऱ्यावर अपार करुणा पसरली. या बाईला नवऱ्याने अजून सांगितलंच नाही!

चिझुरूने जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला. "तुझी नोकरी गेली?"

"बहुतेक नाही," तात्सुहिको दबक्या आवाजात म्हणाला. "मी आत्ता तिथेच बसलोय. का गं?"

तिने सगळ्यांना गाठून खरं सांगून पाहिलं. कपाटाची दांडी, चार कोट, वर्षाची मर्यादा, सगळं. लोक मान डोलवून ऐकत आणि ती वळली की एकमेकांना म्हणत, "केवढी स्वाभिमानी आहे पोरगी!" मग तिच्या टेबलाखाली पिशव्या यायला लागल्या. नोमोतोबाईंच्या बहिणीचा सोनेरी बटणांचा जांभळा सूट आला. इगावासाहेबांच्या बायकोने बिबट्याच्या ठिपक्यांचा ब्लाउज पाठवला. तो घालून आली नाही तर साहेब दुखावणार, म्हणून बुधवारी चिझुरू बिबट्या होऊन हिशेब करत बसली.

शिवाय भेट घेतली की निम्म्या किमतीची परतभेट द्यायची, ही रीत होतीच. चहाचे डबे, गोड वड्यांचे खोके घेता घेता ती घायकुतीला आली. नवीन कपडा एकही न घेता तिचा कपड्यांचा खर्च वाढत चालला होता.

त्यातच इगावासाहेबांची बायको आणि चिझुरूची सासू गाण्याच्या एकाच वर्गाला जात. वर्ग संपल्यावर इगावाबाईंनी सासूबाईंचा हात हाती घेतला. "धीर धरा. मुलाला दुसरीकडे मिळेल काहीतरी."

सासूबाईंनी घरी फोन केला नाही. विचारलं तर मुलं खोटं बोलतील, अशी त्यांची खात्री होती. त्या थेट तात्सुहिकोच्या कंपनीत गेल्या आणि स्वागतकक्षातल्या मुलीला म्हणाल्या, "सोनोबे अजून इथेच आहे ना? खरं सांग बाळ, मी त्याची आई आहे. त्याने नोकरी सोडली की नाही अजून?"

त्या संध्याकाळी तात्सुहिको घरी आला तो पांढराफटक पडून. हातात बूट तसेच धरून दारातच बसला.

"काय झालं?" चिझुरूने घाबरून विचारलं.

"मला बढती मिळाली."

"काय?"

"आमचे साहेब म्हणाले, तुम्ही सोडून चाललाय हे आम्हाला कळलंय. तुमची आईच चौकशी करून गेली. पण जाऊ नका, आसाहिकावाच्या शाखेचे प्रमुख व्हा."

"आसाहिकावा? ते पार होक्काइदोत?"

"हो. हिवाळ्यात उणे वीस."

"तू नाही म्हणालास ना?"

"मला बोलूच दिलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

रविवारी दोघं थंडीचे कपडे बघायला गेले. उणे वीसला चालेल असा कोट विक्रेतीने पुढे धरला आणि किंमत सांगितली, तेव्हा चिझुरूला दुकानातल्या स्टुलावर बसावं लागलं. अजून बूट, हातमोजे, आतले गरम कपडे बाकीच होते. वर्षाची मर्यादा पहिल्याच बाहीत संपली होती.

सोमवारी तिने नोमोतोबाईंना बदलीची बातमी दिली. ऐकता ऐकता बाईंचे डोळे भरून आले.

"इतक्या लांब जावं लागतंय गं तुम्हाला! ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून?"

"नाही हो!" चिझुरू जवळजवळ ओरडलीच. "त्यांना बढती मिळालीय. शाखाप्रमुख झालेत ते. खरंच!"

नोमोतोबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अगदी बरोबर," त्या हळूच म्हणाल्या. "असंच सांग सगळ्यांना. मीसुद्धा असंच सांगेन."