नकाशावर नावं लिहिणारे सुभेदार

सुभेदार निकम नकाशावर माणसांची नावं लिहितात. नगररचनेच्या पदव्युत्तर वर्गात हा गुन्हा आहे. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, सरकारी जागा लाल; घर-दुकान एकत्र असेल तर 'मिश्र वापर'. रंग भरायचे आणि गप्प बसायचं, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. सुभेदारांच्या गावाच्या, वडूजच्या, नकाशात मात्र रंग शोधावे लागतात. 'सलीमभाईचं पंक्चर.' 'शांताक्काची शिवण.' 'हितं म्हातारी उनाला बसत्यात.'

वय अठ्ठावन्न. फौजेतून निवृत्त, भूगोलात एम.ए., आणि सांगलीच्या आमच्या कॉलेजात माझे जोडीदार, कारण जमीन-वापराचं सर्वेक्षण दोघांनी मिळून करायचं असतं. बाकीच्या जोड्यांनी उपग्रहाचं चित्र पुढ्यात घेऊन दोन दिवसांत रंगकाम उरकलं. आम्ही नऊ दिवस वडुजात चाललो. मी एखादं दार टाळलं की मागून आवाज: "पोरी, रेकी अर्धी टाकून कुठं निघालीस?" मग ते कडी वाजवणार, नाव विचारणार, चहाला नाही म्हणणार आणि तरीही पिणार.

तपासणीच्या दिवशी सरांनी नकाशा उचलून वर्गाला दाखवला. "सुभेदार, हा नकाशा आहे की लग्नपत्रिका?"

वर्ग फिदीफिदी हसला.

"सर, मिश्र वापर कुठंय, असं गावात कोण इचारत न्हाई. सलीमभाई कुठंय, इचारत्यात."

"सोमवारपर्यंत नावं काढा. नाहीतर दोघंही नापास."

ज्या वर्गात लोकसहभाग नावाचा अख्खा विषय शिकवतात, तिथं लोकांची नावं लिहिली म्हणून नापास! पुस्तकातले लोक चालतात. नाव-गाव असलेले आले की कागद घाण होतो. मी भांडायला उठले. सुभेदारांनी बाही धरून खाली बसवलं. "हुकूम हाय. खोडायचं."

त्यांचाही राग आला मला. सीमेवर उभा राहिलेला माणूस एका मास्तरापुढं मान तुकवतो!

रविवारी त्यांच्या वडूजच्या घरी रबर घेऊन बसलो. एकेक नाव ते आधी वहीत उतरवत, मगच खोडत. खोडता खोडता मला एक पिवळा चौकोन दिसला. नुसता पिवळा. आत काहीच नाही.

"आवं सुभेदार, हे घर राहिलं की!"

"ऱ्हाईलं न्हाई. हेच ते. आपण बसलोय ते."

"मग नाव?"

ते रबराचा चुरा फुंकत राहिले. "ही गेल्यापास्नं हितं कोण येत न्हाई. ज्याचं घर कुणी इचारतं, त्याचं नाव लिवायचं, पोरी."

मी रबर खाली ठेवलं. म्हटलं, "चहा तरी पाजा."

ते उठले. फळीवरून दोन कप काढले. एक नुसता विसळला. दुसऱ्यावर धूळ होती; तो कितीतरी वेळ घासत राहिले.