नव्या टायरचे केस

एका जंगलात, मुलांनो, एक बिबट्या राहत असे. कुठल्या जंगलात, ते विचारायचं नाही. गोष्टीतलं जंगल होतं. तिथे झाडं होती, ओढा होता आणि टायरचं एक दुकानही होतं. हसू नका. तुमच्या गावाबाहेरच्या दुकानापेक्षा तिथे उधारी कमी होती.

बिबट्याचं नाव वेगराज. त्याच्याकडे गाडी होती. पिवळीधमक, वर काळे ठिपके. दोनच दारं, दोनच सीटं, आणि इतकी बुटकी की आत शिरायला आधी बसावं लागे आणि मग सरपटावं लागे. बिबट्याला चार पाय असताना गाडी कशाला, असं कोण म्हणालं? तू का रे? घरी जाऊन तुझ्या बाबांना विचार, कोपऱ्यावरून दूध आणायला ते स्कूटर कशाला काढतात.

तर गाडी सुसाट पळायची. पण टायर पार गुळगुळीत झाले होते. एकदा घाटातल्या वळणावर वेगराजाने करकचून ब्रेक दाबला. गाडी काही थांबली नाही. ती सरळ करवंदीच्या जाळीत घुसली.

जाळीपलीकडे केतकी नावाची बिबटीण ऊन खात बसली होती. तिने वेगराजाला शेपटी धरून बाहेर ओढलं.

"लागलं का कुठे?" तिने विचारलं.

"मला नाही."

"मग एवढा बोंबलत का होतास?"

"गाडीला लागलं."

केतकी खो खो हसली. खरं तर तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं. पण तिला वाटलं, गडी विनोदी आहे. आणि वेगराजाला ती फार आवडली, मनापासून आवडली. इतकी की दाराला किती ओरखडे पडले ते बघायचंही तो त्या दिवशी विसरून गेला. पुढे चार भेटी झाल्या आणि लग्न ठरलं.

केतकीचं घर घाटापलीकडे. तिने एकच अट घातली.

"आधी टायर बदल. मला नवरा धडधाकट हवा. आणि लग्न लागलं ना, की मला शेजारी बसव आणि घाटातून खाली ने. खिडक्या उघड्या ठेवून. तोंडावर वारा आला पाहिजे. बस, मला दुसरं काही नको."

"एवढंच ना?" वेगराज म्हणाला.

एवढंच होतं, मुलांनो. लक्षात ठेवा.

वेगराज टायर घ्यायला निघाला. सोबत त्याचे बाजीमामा. बाजीमामा म्हणजे फार जपणूक करणारा प्राणी. त्यांच्याकडे एक रेशमी छत्री होती. तिच्यावर पाण्याचा एक थेंब त्यांनी कधी पडू दिला नव्हता. पाऊस आला की ते छत्री पोटाशी धरून, स्वतः भिजत, घरी पळत. सगळं जंगल त्यांना मानत असे.

वाटेत जो भेटेल त्याने सल्ला दिला. सशाने सांगितलं, रुंद घ्या. माकडाने सांगितलं, परदेशी घ्या. कासवाने तर उभं करून टायरवर भलं मोठं व्याख्यानच दिलं. त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

दुकान होतं चिकाटेबाईंचं. जातीने घोरपड. गिऱ्हाईक एकदा धरलं की त्या सोडत नसत. त्यांनी तीन टायर पुढ्यात मांडले.

"हा कडक रबराचा. जन्मभर टिकेल. ओल्या वळणावर तुमचा जन्म किती टिकेल, ते मात्र मी सांगू शकत नाही. हा मऊ रबराचा. मी भिंत धरते ना, तसा रस्ता धरतो. पण लवकर झिजतो. आणि हा मधला. धरतो बरा, टिकतो बरा."

"मधला?" वेगराजाचे कान उभे राहिले. "माझ्या गाडीला मधला? तो शाळेच्या बसला लावा."

"मग कोणता देऊ?"

"मऊसारखा धरणारा आणि कडकसारखा टिकणारा."

चिकाटेबाई हसता हसता काउंटरवरून घसरल्या. घोरपड घसरली म्हणजे बघा.

"अहो वेगराज, टायर रस्ता धरतो म्हणजे काय करतो? स्वतःतलं थोडं थोडं रस्त्याला देतो. जो देणार नाही तो धरणार नाही. तुम्ही म्हणता तसला टायर कुठे असता, तर मी इथे हवा भरत बसले असते का?"

वेगराजाने टायर दाबून पाहिले. वास घेतला. टिचक्या मारल्या. टिचकी मारून टायरचं काय कळतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं, पण सगळेच मारतात. मग घाटातलं ते वळण त्याला आठवलं.

"मऊच द्या," तो म्हणाला. "घाटात केतकी शेजारी असणार आहे."

शाबास! इथे वेगराजाला शंभरपैकी शंभर. गोष्ट इथेच संपवली असती तर फार छान झालं असतं. पण मग तात्पर्य कुठून आणायचं?

गाडी वेगराजाच्या अंगणात दगडांवर उभी होती. चाकं तेवढी दुकानात आणली होती. चिकाटेबाईंनी त्यांवर नवे टायर चढवले, अंगणात येऊन चारही चाकं बसवली आणि जॅक लावला. आता दगड काढायचे आणि गाडी खाली टेकवायची, एवढंच उरलं होतं.

"थांबा!" बाजीमामा एकदम ओरडले.

सगळे थांबले. मामा टायरला नाक लावून बघत होते.

"वेगू, अरे ह्याला केस आहेत!"

खरंच होते. नव्या कोऱ्या टायरला बारीक बारीक रबरी केस असतात. पाहिलेत ना? साच्यातून निघताना राहतात. त्यांचा काडीचा उपयोग नसतो. रस्त्यावर आले की चार दिवसांत झडतात.

"हे आहेत तोवर टायर नवा," मामा म्हणाले. "गेले की जुना. मग तुझ्यात आणि गावच्या टेम्पोवाल्यात फरक काय?"

"पण मामा, चालवली की ते जाणारच."

"जाणार म्हणून आपल्या हाताने घालवायचे? अरे, परवा लग्न. मुलीकडची मंडळी दारात गाडी बघणार. एकदा त्यांच्यासमोर नवी कोरी उभी राहू दे. मग चालव की लेका हवी तेवढी. कोण नको म्हणतंय?"

वेगराजाला ते पटलं. तुम्हालाही पटलं असतं. उगाच माना हलवू नका. तुमच्या टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे की नाही? आणि शोकेसमधले ते सोनेरी काठाचे कप कधी बाहेर निघाले होते?

गाडी दगडांवरच राहिली. जंगलभर बातमी पसरली. प्राणी बघायला येऊ लागले. हळूच हात लावून म्हणू लागले, "काय मऊ आहेत हो!" एका शेळीने नजर चुकवून दोन केस खाल्ले. वेगराज तिच्यावर असा गुरकावला की बिचारी दूध द्यायची थांबली. मग टायरना जुन्या धोतराची फडकी बांधली. ज्याला बघायचं असेल त्याला वेगराज फडकं सोडून दाखवी आणि पुन्हा बांधून ठेवी.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त उतरत्या उन्हाचा. गाडीने घाट ओलांडायला कितीसा वेळ लागतो? बाकीचे वऱ्हाडी पायीच पुढे गेले होते. वेगराज फेटा बांधून सरपटत गाडीत शिरला. किल्ली लावणार, तेवढ्यात मामांनी खिडकीतून डोकं घातलं.

"घाटात खडी आहे."

वेगराजाने किल्ली काढून घेतली.

आता करायचं काय? शेवटी धोंडू गव्याची बैलगाडी बोलावली. बैलगाडी म्हणायचं, पण ओढायचा गवाच. त्याच्या चार भावांनी नवरदेवाची गाडी उचलून बैलगाडीत ठेवली. खाली पेंढा अंथरला. वेगराज आपल्या गाडीत स्टिअरिंग धरून बसला. मामा छत्री पोटाशी धरून धोंडूच्या मागे बसले. धोंडूचे भाऊ मागून चालू लागले. वरात निघाली.

धोंडू गवा स्वभावाने फार गरीब. त्याला घाई म्हणून माहीतच नव्हती. हिरवं गवत दिसलं की तो थांबे, खाई, रवंथ करी आणि मग निघे.

"धोंडूदादा, जरा पाय उचला ना," वेगराज खिडकीतून म्हणाला.

"उचललेत की," धोंडू म्हणाला. "पण मालक, एक इचारू का? तुमची ही पिवळी गाडी पळत न्हाई व्हय?"

"पळते! वाऱ्यासारखी पळते!"

"आसंल," धोंडू म्हणाला आणि पुन्हा चरू लागला.

ऊन उतरलं. मुहूर्त टळला. घाटापलीकडे मांडवात केतकी हातात हार घेऊन उभी होती. पाहुणे कुजबुजू लागले. मग भूक लागली म्हणून जेवून गेले. शेळ्यांनाही आमंत्रण होतं, मुलांनो. जेवायला, जेवण म्हणून नव्हे. मंगलाष्टकं म्हणणारा करकोचा एका पायावर उभा राहून पेंगायला लागला. केतकीच्या वडिलांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. त्याला घाटात काही झालं तर नसेल, ह्या काळजीने तिचा जीव नुसता खालीवर होत होता.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा बैलगाडी मांडवापुढे थांबली. केतकी हार तसाच हातात घेऊन धावली.

"लागलं का रे कुठे? टायर फुटला का?"

"छे, छे!" वेगराज अभिमानाने म्हणाला. "टायर? अगं, बघ तरी!" आणि त्याने फडकं सोडलं.

केतकीने टायर पाहिला. केस पाहिले. मग पेंढा पाहिला, धोंडूला पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. तिचे वडील काठी घेऊन पुढे आले. तिने त्यांना अडवलं.

"राहू दे, बाबा. झालं ते झालं." ती वेगराजाकडे वळली. "वेगराज, मी कधीची इथे उभी आहे. मला वाटलं, तू दरीत पडलास. मी रडले तुझ्यासाठी. पण असू दे. भटजी अजून आहेत. मी तुला अजून हार घालीन. फक्त एक कर. गाडी खाली घे, मला शेजारी बसव, आणि आत्ताच्या आत्ता त्या वळणापर्यंत चक्कर मारून आण."

गव्यांनी गाडी खाली उतरवली. मामांनी आधीच चटई अंथरली होती. केतकीने आत जाऊन चार लिंबं आणली. नवी गाडी काढताना चाकाखाली ठेवतात ना, तशी तिने स्वतःच्या हाताने चारही चाकांपुढे एकेक ठेवली. हळदकुंकू वाहिलं. मग ती सरपटत आत शिरली, खिडकीची काच खाली केली आणि समोर बघत बसली.

"चालव," ती म्हणाली.

वेगराजाने किल्ली फिरवली. इंजिन घुमलं. करकोचा दचकून दोन्ही पायांवर आला. केतकी हसली. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या मनात आलं, हिच्याइतकं आपल्याला ह्या जगात काहीच आवडत नाही. अगदी खरं मनात आलं, मी खोटं सांगत नाही.

मग त्याने रस्त्याकडे पाहिलं. खडी होती.

"केतकी," तो हळूच म्हणाला, "उद्या सकाळी गेलो तर?"

केतकी गाडीतून उतरली. हार खिडकीवर टांगून ठेवला. शालूचा काष्टा मारला आणि पळत सुटली. वळणावरून, खडीवरून, निसरड्या कातळावरून. तिचा पाय कुठेही घसरला नाही. वारा तिच्या तोंडावर येत होता.

"वेगू, जा की तिच्या मागे!" ह्या वेळी खुद्द मामा ओरडले.

तो धावला असता तर त्याने तिला गाठलं असतं, बिबट्याच होता शेवटी. तो उतरला, दोन ढांगा टाकल्या आणि थांबला. फडकं सुटलेलं होतं. गाडी उघड्यावर होती. आणि मांडवामागे शेळ्या अजून खरकटं शोधत हिंडत होत्या.

तो परत फिरला.

मामांनी चारही लिंबं उचलून खिशात टाकली. चांगली होती, वाया का घालवायची? गाडी पुन्हा बैलगाडीत चढली. जाताना धोंडू गवा चरायला एकदाही थांबला नाही.

वर्षं गेली. केतकीने घाटात चालवायला एक जुनी जीप घेतली. तिच्यातून ती प्रवासी नेते, आणते. चिखल, खडी, ओढा, काही बघत नाही. तिचे टायर सारखे झिजतात, सारखे बदलावे लागतात. केवढं हे नुकसान, मुलांनो! शिवाय खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे धूळ ती वेगळीच.

वेगराजाची गाडी त्याच्या अंगणात दगडांवर उभी आहे. समोर ओळीने मामांनी जपून आणलेली ती चार लिंबं आहेत. वाळून सुपारीएवढी झालीत. परवा चिकाटेबाई तिकडून जात होत्या. त्यांनी फडकं सोडून टायर दाबून पाहिला. केस सगळे जागच्या जागी होते. रबराला मात्र आडव्या उभ्या भेगा पडल्या होत्या. रबर दगडासारखं झालं होतं.

"संपले की हो हे," त्या म्हणाल्या. "रबर नुसतं उभं राहिलं तरी म्हातारं होतं. बदलावे लागतील. कोणते देऊ? कडक, मऊ की मधले?"

वेगराज उठून बसला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या डोळ्यांत चमक आली. त्याने टायरला एक टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि विचारलं,

"ज्याला केस जास्त असतात, तो कोणता?"

तात्पर्य : चांगली वस्तू वापरून खराब करू नये. न वापरताही ती खराब होते, पण मग आपल्याला कोणी नावं ठेवत नाही.